समुद्रशेतीचा नकाशा आणि नातेपुत्याचे तरुण

२२ एप्रिल २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीसमान दर्जा दिला. शेतीच्या दराने वीज, किसान क्रेडिट कार्ड आणि विमा मिळण्याचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला. नातेपुते-माळशिरस भागातल्या तरुणांना वाटेल, समुद्र सह्याद्रीपलीकडे, आपला काय संबंध? आमच्या मते संबंध आहे, पण तो जाळ्याचा नाही, नकाशाचा आहे.

पिंजऱ्यात जिताडा वाढवणे, दोरांवर शिणाणे किंवा समुद्री शेवाळ घेणे, ही समुद्रशेती. जमिनीला बांध असतो, पाण्याला नसतो. त्यामुळे शेत नेमके कुठे करायचे, हाच पहिला प्रश्न. ओहोटीला पिंजऱ्याखाली किती पाणी उरते, प्रवाहाचा जोर किती, क्षारता किती, जवळ नदीचे मुख किंवा कारखान्याचे सांडपाणी आहे का, बोटींची वाट कुठून जाते, कांदळवन कुठे आहे, असे एकेक थर संगणकावर एकमेकांवर ठेवायचे. सगळ्यांतून उरते ती जागा. हेच जीआयएसचे काम. कोकणात पावसाळ्यात समुद्र खवळतो आणि खाड्यांची क्षारता उतरते; फेब्रुवारीत उत्तम दिसणारी जागा जुलैत कामाची राहत नाही. म्हणून एकाच ऋतूच्या माहितीवर काढलेला नकाशा शेतकऱ्याला बुडवू शकतो.

असे काम भारतात चालू आहे. कोचीची केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्था समुद्रशेतीच्या जागा शोधते. हैदराबादची इन्कॉइस उपग्रहातून समुद्राचे तापमान आणि हरितद्रव्य पाहून मच्छीमारांना मासळीची संभाव्य क्षेत्रे कळवते. 'समुद्रशेती नकाशाकार पाहिजे' अशी जाहिरात मात्र सहसा दिसणार नाही. कामे बहुतेक प्रकल्पापुरती, कंत्राटी असतात. पण भूगोलाच्या पदवीधराला किंवा आयटीआय सर्वेअरला हेच कौशल्य जमीन मोजणी, पाणलोट, पीक विमा अशा ठिकाणीही चालते. पोलीस भरतीच्या तयारीत वर्षे घालवणाऱ्या आपल्या पोरांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण गटाला ४० टक्के, तर अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना ६० टक्क्यांपर्यंत अर्थसाहाय्य आहे. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती मिळतात. पण टक्केवारी पाठ असून भागत नाही. योग्य जागा दाखवता आली नाही तर प्रस्तावच उभा राहत नाही.

आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. कोळी बांधवांच्या डोलजाळी लावण्याच्या ठरलेल्या जागा, ओहोटीला बायका कालवे वेचतात ते खडक, यांचा सातबारा नसतो. सर्वेक्षकाने किनाऱ्यावर जाऊन विचारले नाही, तर पडद्यावर तिथे मोकळे पाणी दिसते आणि मोकळे पाणी कुणालाही भाड्याने देता येते. हा प्रकार आपल्या वस्त्यांना नवा नाही. गायरानावर दोन-दोन पिढ्या राबलेल्या कुटुंबांची वहिवाट कागदावर 'अतिक्रमण' ठरते, ते आपण पाहतोच. असे घर ज्याने पाहिले आहे, तो सर्वेक्षक झाला तर 'इथे आधी कोण येते?' हा रकाना नकाशात घालेल, निदान घालण्याची शक्यता जास्त. नुसत्या नोकरीपेक्षा आपली माणसे या कामात असण्याचे हे कारण आम्हाला मोठे वाटते.

शिकायला कोकण गाठायची गरज नाही. क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर मोफत आहे, इस्रोचे 'भुवन' मोफत आहे, देहरादूनची आयआयआरएस ऑनलाइन अभ्यासक्रम विनाशुल्क घेते. नोकरीची हमी देऊन मोठी फी मागणाऱ्या क्लासपासून दूर राहिलेले बरे. सरावाला उजनी आहेच. सेंटिनेल-२ उपग्रहांची छायाचित्रे साधारण पाच दिवसांनी मिळतात, तीही फुकट. धरण भरल्यावरचे आणि पातळी वजा गेल्यावरचे पाणी एकाच नकाशावर उतरवा. पिंजरा मे महिन्यात कुठे तरंगेल आणि कुठे गाळात बसेल, ते काठावरच्या मच्छीमारांना विचारून त्याच नकाशावर खूण करा. खाडीतल्या जागेसाठीही हीच पद्धत लागते, फक्त तिथे भरती-ओहोटी दिवसातून दोनदा येते.