नजर रस्त्यावर राहू द्या

पावसाळ्यात ताम्हिणी घाट चढताना गाडीत चार माणसे असली की पुढच्या काचेला आतून वाफ धरतेच. मारुती 800 मध्ये अशा वेळी डावा हात न सांगता डॅशबोर्डकडे जायचा, दांडी सरकवायचा, पंख्याचा खटका फिरवायचा. डोळे वळणावरच असायचे. आज बाजारात अशा गाड्या आहेत, ज्यांत याच कामासाठी आधी नकाशा बाजूला सारून एसीचे पान उघडावे लागते, त्यावर काचेचे चिन्ह शोधावे लागते, आणि नेमके तेव्हाच चाक खड्ड्यात आपटले की बोट भलत्याच चौकोनावर पडते. ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळपास 17 मीटर जाते. तीन सेकंद नजर स्क्रीनवर अडकली तर 50 मीटर रस्ता न बघताच मागे पडतो. घाटात तेवढ्यात एक वळण येऊन जाते.

हा अंक वाचणारे बरेच जण पिंपरी, चाकण, रांजणगावला गाड्या घडवतात किंवा स्टुडिओत त्यांची रेखाटने करतात. म्हणून हे त्यांच्यापाशीच बोलायचे आहे.

स्वीडनमधल्या ‘वी बिलेगारे’ या मोटारींच्या नियतकालिकाने 2022 मध्ये एका धावपट्टीवर साधी चाचणी घेतली. ताशी 110 किलोमीटर वेग ठेवायचा आणि गाडी चालवता चालवता तापमान वाढवणे, रेडिओचे ठरावीक केंद्र लावणे अशी रोजची चार कामे उरकायची. चालकांना गाडीची ओळख करून घ्यायला आधी वेळही दिला होता. बटणांची 2005 सालची व्होल्वो व्ही70 दहा सेकंदांत मोकळी झाली; तेवढ्यात ती 306 मीटर गेली. नव्या गाड्यांत सर्वांत मागे राहिलेल्या एमजी मार्व्हल आरला जवळपास 45 सेकंद लागले, म्हणजे 1372 मीटर. अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा यंत्रणेने 2013 मध्येच मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या: चालकाची नजर एका वेळी दोन सेकंदांपेक्षा जास्त हटू नये आणि एका कामासाठी सगळी मिळून बारा सेकंदांपेक्षा जास्त जाऊ नये. म्हणजे मोजायचे कसे, हे दशकभरापूर्वीच ठाऊक होते.

स्क्रीन का आली, हेही आपल्या क्षेत्रात सर्वांना माहीत आहे. एका बटणामागे साचा असतो, वायरिंग असते, हजारो वेळा दाबून पाहण्याची चाचणी असते, आणि प्रत्येक व्हेरिएंटला वेगळे पॅनल लागते. स्क्रीन एकच घेतली की बाकीचे सॉफ्टवेअरवर सोपवता येते. कॉस्टिंगच्या बैठकीत बटणाची बाजू मांडणाऱ्याचे कुणी ऐकत नाही. शिवाय शोरूममध्ये गिऱ्हाईक उभ्या गाडीत बसते. उभ्या गाडीत मोठी स्क्रीन सुंदरच दिसते.

स्टीअरिंगमधून रस्ता हाताला कळत नाही, ही आम्हा हौशी मंडळींची जुनी तक्रार. ती मी आज मांडत नाही. हौसेचा प्रश्न वेगळा, डोळ्यांचा वेगळा.

डोळ्यांचा दुसरा प्रश्न मला स्क्रीनहून मोठा वाटतो, तो पुढच्या काचेच्या खांबांचा. प्रीमियर पद्मिनीचे खांब इतके बारीक होते की वळण अख्खे दिसायचे. आजचे खांब जाड आहेत आणि त्याला कारण आहे: गाडी उलटली तर छत त्यांनीच पेलायचे असते. त्यांनी माणसे वाचवली आहेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण हिशेब पूर्ण मांडा. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणजे उजवा खांब त्याच्या डोळ्यांपासून जेमतेम 70 सेंटिमीटरवर येतो. अस्तरासकट तो 12 सेंटिमीटर रुंद धरला, तर दोन्ही डोळे उघडे असूनही 20 मीटरवरचा सुमारे दीड मीटर रुंदीचा पट्टा झाकला जातो. समोरून येणारी मोटारसायकल तिच्यावरच्या दोघांसकट त्यात मावते. त्यातही वाईट म्हणजे, चौकात दोघांचा वेग विशिष्ट प्रमाणात जुळला तर ती शेवटपर्यंत खांबाआडच राहते. उजवीकडे वळणाऱ्या गाडीसमोर दुचाकी ‘अचानक’ येते ती बऱ्याचदा अशी. 2022 मध्ये देशातल्या रस्त्यांवर 1 लाख 68 हजारांहून अधिक माणसे गेली. त्यांतली 44 टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती.

यावर इलाज नाही, असे मी मानत नाही. उष्ण अवस्थेत दाबून घडवलेल्या बोरॉन पोलादाने कमी रुंदीत तेवढीच ताकद मिळते. 2020 च्या जॅझमध्ये होंडाने धडकेचा भार मागच्या दुसऱ्या खांबाकडे वळवला आणि पुढचा जवळपास निम्म्याने बारीक केला. अभियंत्याला प्रश्न नीट घालून दिला की उत्तर येते. आपल्याकडे तो घातला जात नाही, कारण खांबाच्या ताकदीचे तारे मिळतात, खांबाआड काय लपते याचे मिळत नाहीत. 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू झालेल्या भारत एनकॅपचा भर धडक झाल्यावर आतला माणूस किती वाचतो यावर आहे, आणि तो हवाच होता. युरो एनकॅप मात्र 2026 पासून पुढे गेली: इंडिकेटर, धोक्याचे दिवे, वायपर, हॉर्न आणि आपत्कालीन मदत यांना हाताला लागणारे बटण किंवा दांडी नसेल तर गुण कापले जातात. आपल्या पुढच्या आवृत्तीत हे कलम तर यावेच, त्यात काचेची वाफ घालवण्याचे बटणही असावे. कोकणात आणि सह्याद्रीत ते वायपरइतकेच लागते.

तोवर आम्ही आमच्यापुरते सुरू करतो. पुढच्या अंकापासून प्रत्येक चाचणी-अहवालात दोन आकडे असतील. पहिला, गाडी पहिल्यांदाच हातात घेतलेल्या चालकाला ताशी 60 च्या वेगाने काचेची वाफ घालवायला लागलेले सेकंद. ही चाचणी बंद ट्रॅकवर होईल आणि वेळ शेजारी बसलेला माणूस मोजेल. दुसरा, 20 मीटरवर उजव्या खांबाआड झाकली जाणारी रुंदी, मध्यम उंचीच्या चालकाच्या डोळ्यांच्या जागेवरून मोजलेली. हे दोन्ही आकडे मायलेज आणि बूटच्या लिटरांच्या शेजारी, त्याच टायपात छापले जातील. स्टुडिओत किंवा टेस्टिंगमध्ये काम करणाऱ्या कुणाकडे याहून नेमकी पद्धत असेल तर ती आम्हाला हवी आहे.