साहेबाची बदली आणि आपले बिऱ्हाड



मे महिन्यात आपल्या तालुक्यातून दोन तऱ्हेचे टेम्पो निघतात. एक निघतो सरकारी वसाहतीतून. त्यात कपाट, फ्रीज, पलंग, मुलांच्या सायकली. साहेबांना नव्या गावी रुजू व्हायला सवलतीचे दिवस मिळतात, सामानाचे भाडे मिळते, प्रवासभत्ता मिळतो. साहेब केंद्र सरकारचे असतील तर त्यांच्या लेकरांसाठी १९६३ सालापासून केंद्रीय विद्यालये उभी आहेत. बापाची बदली झाली म्हणून मुलाचे शिक्षण तुटू नये, एवढ्यासाठीच ती काढली. चांगली गोष्ट आहे. लेकरू कोणाचेही असो, त्याची शाळा तुटू नये.

दुसरा टेम्पो निघतो आपल्या गावच्या वेशीतून, बहुतेक वेळा अंधार पडल्यावर. त्यात पत्र्याची पेटी, पिठाचा डबा, गोधड्या, गॅसची टाकी आणि सामानावरच झोपी गेलेली दोन लेकरे. साहेबाच्या जाण्याला 'बदली' म्हणतात. आपल्या जाण्याला पेपरवाले 'स्थलांतर' म्हणतात आणि गाव म्हणते, "गेला बिचारा, टिकला नाही."

आमचे म्हणणे या दुसऱ्या टेम्पोबद्दल आहे.

माणसे का जातात हे आपल्याला कोणी शिकवायला नको. २०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये जाहीर झाला आणि त्याच २०२५ च्या ऑगस्टमध्ये परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले गेले. ही सूट पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. म्हणजे आपला कापूस बाजारात यायच्या वेळेला दार उघडे. कोरडवाहू पाच एकरांत, बोंडअळी आणि अवकाळीतून वाचलेल्या मालावर, दोन भावांची दोन घरे चालत नाहीत. पण खरे सांगायचे तर आता बिऱ्हाडे निव्वळ पोटासाठी हलत नाहीत. गावची शाळा चौथीला संपते, नाहीतर सातवीला. पुढच्या शाळेला एसटी नाही. पोरगी आठवीत गेली की घरात एकच चर्चा असते, हिला पाठवायचे कसे? आणि मग नवरा-बायको ठरवतात की आपणच शहराला जाऊ, मिळेल ते काम करू, पण लेकरे शिकवू.

हा पळपुटेपणा नाही. हा हिशेब आहे, आणि तो बरोबर आहे. 'काळ्या आईला सोडू नका' असे व्यासपीठावरून सांगणाऱ्या पुढाऱ्यांची स्वतःची पोरे कोणत्या शहरात शिकतात, ते एकदा विचारून पाहावे. जाणाऱ्याला लाज वाटायचे कारण नाही. लाज वाटते म्हणून माणूस अंधारात जातो, आणि अंधारात गेल्याची किंमत लेकरे भरतात.

आमच्याच गावचे एक घर सांगतो. दिवाळीनंतर, दुसरा वेचा झाल्यावर, पोळ्यापासून थकलेली उधारी चुकवता येईना म्हणून एका रात्रीत निघाले. थोरली सहावीत, मधला दुसरीत, धाकटे दीड वर्षाचे. मास्तरांना सांगितले नाही, अंगणवाडीताईला सांगितले नाही. शहरात दहा बाय दहाची खोली मिळाली, बापाला बांधकामावर आणि मायला चार घरची धुणीभांडी मिळाली. जवळच्या शाळेत गेले तर सांगण्यात आले, दाखला आणा, जूनमध्ये या. दाखल्यासाठी गावी जायचे म्हणजे दोन दिवसांची मजुरी आणि एसटीचे भाडे, शिवाय उधारीवाला समोर येणार. गेलेच नाहीत. मधला गल्लीत फिरत राहिला. थोरली धाकट्याला सांभाळायला घरी बसली ती बसलीच. जून आला तेव्हा ती म्हणाली, आता मला लहान पोरांत बसायची लाज वाटते. ज्या पोरीच्या शाळेसाठी गाव सोडले, तिचीच शाळा गेली.

भावांनो, 'जूनमध्ये या' हे उत्तर बेकायदा होते. आपल्याला ते माहीत नव्हते, एवढाच फरक.

शिक्षण हक्काचा कायदा २००९ सालचा, १ एप्रिल २०१० पासून लागू. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक लेकराला तो लागू आहे. त्याचे पाचवे कलम सांगते की लेकराला कोणत्याही कारणाने एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जावे लागले, राज्यात किंवा राज्याबाहेर, तर तो त्याचा हक्क आहे. जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब द्यायचा; टाळाटाळ केली तर त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश अडवायचा नाही, लांबवायचाही नाही. चौदावे कलम म्हणते, वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. पंधरावे म्हणते, प्रवेशाची मुदत संपली तरी लेकराला घ्यावेच लागते. चौथे म्हणते, शाळा सुटलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवा आणि मागे राहिलेला अभ्यास वेगळा शिकवून भरून काढा. म्हणजे आमच्या त्या पोरीला लहान पोरांत बसवायचे कारणच नव्हते. बदलीने जाण्याचा हा हक्क सरकारी, नगरपालिकेच्या आणि अनुदानित शाळांत चालतो. विनाअनुदानित खासगी शाळा त्यात येत नाहीत, हे ध्यानात ठेवून शाळा शोधावी.

केंद्रीय विद्यालयाच्या दारात साहेबाला कायदा सांगावा लागत नाही. आपल्याला सांगावा लागतो. म्हणून कलमांचे आकडे पाठ करा.

शाळेपेक्षाही लहान लेकरांची गोष्ट वेगळी. लसीचे कार्ड मायच्या पेटीत असते, ते गावीच राहून जाते. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. हेच वय बिऱ्हाड हलवण्यात निघून जाते. २०२२ च्या नोव्हेंबरात मुंबईत गोवंडीच्या दाट वस्तीत गोवराची साथ पसरली, मालेगाव-भिवंडीतही रुग्ण निघाले, आणि लेकरे दगावली. गावात घरे सुटी असतात, शहरात एका भिंतीला चार खोल्या. तिथे लस चुकलेले लेकरू आधी सापडते. कार्ड बरोबर घ्या, आणि खोली लागल्यावर पहिल्या आठवड्यात तिथल्या अंगणवाडीताईला नाही तर आशाताईला दाखवा. अंगणवाडी सहा महिने ते सहा वर्षांच्या लेकरांसाठी आहे. ती शहरातही आहे. लेकराचे नाव तिथे लावून घ्यायला मागे-पुढे पाहू नका.

आता धान्याचे. अन्नसुरक्षा कायद्याच्या प्राधान्य यादीत नाव असलेल्या घराला माणशी पाच किलो धान्य महिन्याला मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे. 'एक देश एक रेशनकार्ड' योजना २०१९ मध्ये सुरू झाली तेव्हा पहिल्या राज्यांत महाराष्ट्र होता. म्हणजे शहरातल्या कोणत्याही रेशन दुकानात अंगठा लावून आपल्या वाट्याचे धान्य उचलता येते आणि म्हातारी माणसे गावात राहिली तर त्यांचा वाटा ती गावात उचलू शकतात. त्यासाठी नाव कमी करायची गरज नाही. मात्र जाण्याआधी लेकरांसकट प्रत्येकाचे आधार कार्डाला जोडले आहे का, हे गावच्या दुकानात तपासून घ्यावे. शहरातल्या दुकानदाराने 'तुमचे कार्ड इथले नाही' म्हटले तर त्याला योजनेचे नाव सांगा. मराठवाडा आणि विदर्भातल्या चौदा जिल्ह्यांत केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना २०२३ पासून धान्याऐवजी खात्यावर पैसे लावले आहेत. त्यांना शहरातल्या दुकानात धान्य मिळणार नाही. त्यांनी बँकेचे खाते चालू ठेवावे.

शेताचे काय? आमचा सल्ला, पहिली दोन वर्षे विकू नका. शहरात हात मोडला, काम सुटले तर परत यायला तेवढीच जागा आहे. बटईने द्या, मक्त्याने द्या, पण पिकाची नोंद कोण करणार हे ठरवून द्या. २०२१ पासून ई-पीक पाहणी मोबाइलवर, शेतात उभे राहून करावी लागते. ती राहिली की सातबाऱ्यावर पिकाचा रकाना कोरा राहतो, आणि मग नुकसानभरपाई अडते, सीसीआयच्या केंद्रावर कापूस अडतो. सातबाऱ्यावर घरच्या लक्ष्मीचे नाव नसेल तर तेही जाण्याआधी लावा. शहरात गेल्यावर नवरा-बायको दोघेही राबणार आहेत. मागची जमीन एकट्याच्या सहीने जाता कामा नये.

आणि एक कागद असा की तो दहा वर्षांनी लागतो म्हणून कोणी घेत नाही. जातीच्या दाखल्याला अनुसूचित जाती-जमातींना १९५० च्या, विमुक्त-भटक्यांना १९६१ च्या आणि ओबीसींना १९६७ च्या आधीचा पुरावा मागतात. तो शहरात मिळत नाही. तो आपल्या गावच्या शाळेच्या जुन्या दाखल-खारीज रजिस्टरात आजोबाच्या नावाने पडलेला असतो. त्याचा उतारा आजच काढून ठेवा. बारावीनंतर पोरगी प्रवेशाच्या रांगेत उभी असेल तेव्हा तिच्या बापाला तिनशे किलोमीटर धावायला लागू नये.

यावर काही भाऊ म्हणतील, तुम्ही तर लोकांना जायची वाट दाखवता, मग मागे राहणाऱ्यांचे काय? प्रश्न खरा आहे. एक घर गेले की शाळेच्या पटावरची दोन-तीन नावे जातात. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' काढायचे प्रस्ताव सरकारने मागवले, तेव्हा कोणत्या गावांवर वेळ आली होती ते आपण पाहिले. पण गाव टिकवायचे ओझे एका सहावीतल्या पोरीच्या पाठीवर टाकता येत नाही. गाव टिकवायचे असेल तर कापसाला आणि ज्वारीला परवडेल असा भाव आणि पुढच्या शाळेला एसटी एवढे मागायला आपण सगळे उभे राहू. ते मिळेपर्यंत जाणाऱ्याचा रस्ता अडवायचा अधिकार आपल्याला नाही. उलट, तो धड पोचेल हे पाहणे आपले काम आहे. आज तो जातो, उद्या आपले घर जाईल.

म्हणून या जिल्हा बैठकीपुढे आमची मांडणी अशी. प्रत्येक गावच्या शाखेने निकालाच्या आधी विचारून घ्यावे की यंदा कोणते घर निघणार आहे. विचारताना टोमणा नको. निकालाच्या दिवशीच त्या लेकरांचे दाखले हातात पडतील असे मुख्याध्यापकांना सांगावे. त्या शहरात आपल्या गावचे जे आधी गेले आहेत, त्यांच्यापैकी एकाने तिथल्या शाळेत आणि अंगणवाडीत बरोबर जावे. एकट्या मायला 'दाखला आणा' म्हणणे सोपे असते, दोघे उभे राहिले की कायदा आठवतो. आणि उधारीवाला आपल्यातलाच असेल तर त्यालाही बसवून दोन हंगामांचे हप्ते पाडून द्यावेत, म्हणजे कोणाला रात्री निघावे लागणार नाही.

जायचे तर सकाळी जावे. लेकरांनी मास्तरांच्या पाया पडावे, मैत्रिणींना सांगावे, आजीने हातावर दही ठेवावे. टेम्पोत पेटी चढवण्याआधी मायने कागदांची पिशवी स्वतःच्या खांद्याला अडकवावी: दाखले, लसीचे कार्ड, रेशनकार्ड, आधार, सातबारा, आजोबाचा उतारा. साहेबाच्या मागे सरकार असते. आपल्या मागे ही पिशवी आणि हे गाव असले पाहिजे.