थकलेलं भाडं आणि अंगावरची वर्दी

भाडेकरूने भाडं थकवलं तर फौजी माणसाने काय करावं, यावरचे सल्ले मी गेली वीस वर्षं सीएसडी कँटीनच्या रांगेत ऐकतोय. भटिंडा असो, जोधपूर असो की सध्याचं तेजपूर, सल्ले तेच असतात. "सुट्टीवर गेलास की वर्दी घालून दारात उभा राहा." "मीटर बंद कर, दोन दिवसांत निघतो की नाही बघ." "चार पोरं घेऊन जा, सामान काढ बाहेर." आणि सगळ्यात शहाणा समजला जाणारा सल्ला बहुधा एखाद्या पेन्शनर साहेबांकडून येतो: "सीओकडून सर्टिफिकेट घे. घर मला स्वतःला राहायला हवंय म्हण. फौजीसाठी वेगळं कलम आहे."

चारही सल्ले वाईट आहेत, आणि चौथा सर्वांत वाईट. पहिल्या तिघांत माणूस स्वतःचं नुकसान करून घेतो. चौथ्यात तो सगळ्या फौजी घरमालकांचं करतो.

आधी एक गोष्ट मान्य करतो, म्हणजे कुणी म्हणायला नको की साहेबांना कळत नाही. फौजी घरमालकाची अडचण खरी आहे. घर पुण्यात, पिंपरीत किंवा कोल्हापुरात, आणि मालक अशा जागी की जिथे फोनला रेंज यायला टेकडी चढावी लागते. हप्ता पगारातून दर महिन्याला कापला जातो. भाडं आलं की नाही हे कधी कधी पंधरा दिवसांनी कळतं. एजंट लोकांना हे पक्कं ठाऊक असतं. "मालक मिल्ट्रीत आहे, वर्षातून एकदा येतो, कटकट नाही," असं सांगून ते आपलं घर दाखवतात. या वाक्याचा अर्थ चांगला भाडेकरू एक लावतो आणि लबाड भाडेकरू दुसराच लावतो.

तरी माझं म्हणणं असं, की थकलेलं भाडं हा पैशाचा हिशोब आहे. तो कागदाने आणि तारखेने सोडवायचा असतो. आपण तो इज्जतीचा करतो आणि मग वर्दी मध्ये आणतो.

हा इज्जतीचा रोग कसा वाढतो ते बघा. पहिला महिना भाडं चुकतं. आपण म्हणतो, असू दे, देईल. दुसऱ्या महिन्यात भीड वाटते, सुभेदार माणूस चौदा हजारांसाठी फोन कसा करणार? तिसरा-चौथा महिना तसाच जातो. सहाव्या महिन्यात सुट्टी मिळते, घरात बायको बोलते, हप्त्याचा मेसेज येतो आणि डोकं फिरतं. मग एकदम कुलूप बदलायची भाषा. ज्याला सहा महिने एक ओळ लिहिली नाही, त्याला सहा तासांत रस्त्यावर काढायला निघालेला माणूस मी पाहिलाय. त्याला तो स्वतःचा दरारा वाटत होता. मला तो सहा महिन्यांचा आळस वाटला.

आमच्याच ब्रिगेडमधल्या दुसऱ्या युनिटचा एक हवालदार, नाव-गाव सांगत नाही, सुट्टीत गावाकडचे चार जण घेऊन गेला आणि भाडेकरूचं सामान जिन्यात ठेवलं. भाडेकरूच्या बायकोने पोलिसात तक्रार दिली. पाच महिन्यांचं भाडं त्या दिवसापासून कुणी बोललंच नाही, कारण आता फिर्यादी तो आणि आरोपी हा. सुट्टी पोलीस ठाण्यात आणि वकिलाकडे गेली, कागद युनिटपर्यंत पोचला, आणि थकबाकी होती तिथेच राहिली. मीटर बंद करणाऱ्यांनीही ऐकून ठेवावं: महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याच्या कलम २९ नुसार भाडेकरूचं वीज-पाणी तोडणं हा गुन्हा आहे. भाडं थकलंय ही सबब तिथे चालत नाही.

आता चौथा सल्ला. कायद्याचं ते कलम खरोखर आहे. याच कायद्याचं कलम २३. सैन्यदलात असलेल्या किंवा रीतसर निवृत्त झालेल्या घरमालकाला स्वतःला किंवा कुटुंबाला राहायला घर खरोखर हवं असेल, आणि त्या भागात दुसरं योग्य घर नसेल, तर सेवाप्रमुखांचा किंवा कमांडिंग ऑफिसरचा दाखला देऊन तो ताबा मागू शकतो. अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो, नेहमीच्या लांबलचक दाव्याच्या रांगेत उभं राहावं लागत नाही. सैनिक गेला तर त्याच्या वारसांनाही ठरावीक अटींवर हा हक्क आहे. १९४७ च्या जुन्या मुंबई भाडे कायद्यातही नंतर अशीच तरतूद घातली गेली होती. कारण उघड आहे. आयुष्यभर देशभर फिरलेला माणूस ट्रंक घेऊन परत यायचा आणि त्याच्याच घरात बसलेला भाडेकरू हलायचा नाही.

म्हणजे हे कलम डोक्यावर छप्पर हवं असलेल्या माणसासाठी आहे. तुझं घर वाघोलीत, तू अजून आठ वर्षं नोकरीत, बायको-मुलं साताऱ्याला, आणि हा भाडेकरू निघाला की तू पुढच्या महिन्यात दोन हजार जास्त घेऊन दुसरा ठेवणार आहेस. मग "स्वतःला राहायला" हे शब्द कुणाच्या सहीने लिहून घेतोस? सीओ साहेबांच्या. ते तुझ्या शब्दावर विश्वास ठेवून सही करतात, पुण्यात येऊन खोल्या मोजत नाहीत. असे खोटे दाखले दहा ठिकाणी गेले की अकराव्या ठिकाणी भाडेकरूचा वकील उभा राहून म्हणेल, हे फौजी लोक असंच करतात, यांच्या दाखल्यावर काय विश्वास ठेवायचा? आणि त्या अकराव्या जागी कदाचित एखादी वीरपत्नी असेल, दोन मुलं घेऊन, तिला ते घर खरंच हवं असेल. कँटीनच्या रांगेत हा सल्ला देणाऱ्या पेन्शनर साहेबांना मी हे तोंडावर बोललोय. त्यांना आवडलं नाही. नसू दे.

"मग कायदा सगळा भाडेकरूच्या बाजूचा आहे, आम्ही काय करायचं?" हा पुढचा प्रश्न नेहमी ठरलेला. अर्धा खरा आहे. जुन्या पद्धतीच्या भाडेकरारात कलम १५ लागतं: थकबाकीची लेखी नोटीस द्यायची, नव्वद दिवस थांबायचं, मगच दावा. दाव्याचं समन्स मिळाल्यावरही नव्वद दिवसांत त्याने सगळी थकबाकी पंधरा टक्के व्याजासह आणि खर्चासह भरली, तर ताबा मिळत नाही. पण आपल्यापैकी आज बहुतेकांची घरं लिव्ह अँड लायसन्सवर असतात, आणि तिथे घरमालक इतका हतबल नाही. कलम २४ खाली मुदत संपूनही माणूस निघाला नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, आणि मुदतीनंतरच्या काळाचं दुप्पट शुल्क लागतं. समन्स मिळाल्यावर समोरच्याला तीस दिवसांत बाजू मांडायची परवानगी मागावी लागते.

पण हे सगळं करार लेखी आणि नोंदवलेला असेल तर. कलम ५५ नुसार नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते आधी धरलं जातं, उलट सिद्ध करायचं ओझं आपल्यावर. आता मला सांगा, रायफलच्या एकेका राउंडचा हिशोब देणारी माणसं आपण. आणि चाळीस लाखांचं घर शंभराच्या स्टॅम्पपेपरवर, कधी तर नुसत्या तोंडी बोलीवर देऊन येतो! चौदा हजार भाडं, अकरा महिने, तर मुद्रांक शुल्क चारशे रुपयांच्या आसपास येतं. नोंदणी फी आणि एजंटचे वेगळे. अंगठा घ्यायला माणूस घरी येतो. सुट्टीतला एक तास.

मी नसतो म्हणून दावा चालणार नाही, ही भीतीही निम्मी अज्ञानातून आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेचा ऑर्डर २८ नेमका यासाठीच आहे. रजा मिळत नसेल तर सैनिक आपल्या वतीने दुसऱ्याला दावा चालवायचा लेखी अधिकार देऊ शकतो, कमांडिंग ऑफिसरच्या समोर सही करून. विशेष परिस्थितीत तैनात असलेल्या सैनिकाच्या गैरहजेरीत निकाल लागू नये म्हणून १९२५ चा इंडियन सोल्जर्स (लिटिगेशन) अ‍ॅक्ट आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारा, चहा पाजून सांगतील. पण तिथे जायचं म्हणजे कागद लागतात, आणि दमदाटीला कागद लागत नाहीत. म्हणून दमदाटी सोपी वाटते.

आपण स्वतः अर्धं आयुष्य भाडेकरू असतो, हे विसरायला होतं. जोधपूरला असताना क्वार्टर मिळालं नव्हतं, कुटुंब बाहेर भाड्याच्या घरात होतं. पार्ट टू ऑर्डर अडकला, एचआरए तीन महिने आला नाही. वर गावाकडे आईचं ऑपरेशन. घरमालक म्हातारा मारवाडी, त्याला मी पहिल्याच महिन्यात सांगितलं की बासा, पैसे उशिरा येतील. त्याने लाल वहीत लिहिलं, माझी सही घेतली, तारीख विचारली. तारीख चुकली तेव्हा त्याने नवी तारीख विचारली, एवढंच. युनिटच्या गेटवर आला नाही, अ‍ॅडज्युटंट साहेबांना चिठ्ठी पाठवली नाही. तो तसा येऊ शकला असता. काही घरमालक येतात, आणि तेव्हा आपण सगळे म्हणतो, काय हलकट माणूस, पैशासाठी पोराची नोकरी पणाला लावतो. मग आपण दुसऱ्याच्या दारात वर्दीत जाऊन उभे राहतो त्याला काय म्हणायचं?

माझ्या दिघीच्या फ्लॅटमध्ये गेल्या वर्षी एक कुटुंब होतं. नवरा चाकणला एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात कंत्राटी, मुलगी नववीत. भाडं चौदा हजार, डिपॉझिट तीन महिन्यांचं, बेचाळीस हजार. नोव्हेंबरमध्ये सातच हजार आले. सहा तारखेला मी मेसेज केला, फोन नाही, कारण फोनवरचं बोलणं दोघंही आपापल्या सोयीने लक्षात ठेवतात. उत्तर आलं, "साहेब, काम सुटलंय, बघतोय." मी लिहिलं, ठीक आहे, पण दहा डिसेंबरला काय परिस्थिती आहे ते लिहून कळवा. डिसेंबरमध्ये काहीच आलं नाही. तेव्हा मी हिशोब मांडला. डिपॉझिट बेचाळीस, बाकी एकवीस. म्हणजे दीड महिना हातात. माझ्या नावचं मुखत्यारपत्र बायकोकडे आहे. ती साताऱ्याहून गेली, त्यांच्याकडे चहा प्यायली आणि समोर बसून कागद केला: जानेवारीअखेर नोकरी लागली तर थकबाकी हप्त्याने, नाही लागली तर अठ्ठावीस फेब्रुवारीला घर रिकामं, डिपॉझिट थकबाकीत वळतं. त्याने सही केली. त्याच्या बायकोने विचारलं, "वहिनी, शाळेची परीक्षा एप्रिलमध्ये आहे, तोवर नाही का राहता येणार?" बायकोने मला फोन लावला. मी नाही म्हटलं. अजून दोन महिने म्हणजे अठ्ठावीस हजार, आणि माझा हप्ता अठरा हजार सातशे दर पाच तारखेला जातो. मुलीला शाळेच्या जवळच आळंदी रोडला एक लहान खोली मिळेल अशी चौकशी मात्र आम्ही केली, आणि ती मिळाली.

कुणाला हे कठोर वाटेल, कुणाला मवाळ. मला दोन्ही बाजूंनी ऐकून घ्यावं लागलं. मेसमध्ये एक साहेब म्हणाले, डिसेंबरलाच हाकलायला हवं होतं. आणि माझी आई म्हणाली, परीक्षेपर्यंत ठेवायचं होतंस रे.

काही भाडेकरू लबाडच असतात. पगार येतो, नवी गाडी दारात येते, भाडं येत नाही. त्यांच्यासाठी माझ्याकडे दया नाही. नोटीस, करार संपवणं, सक्षम प्राधिकारी, दुप्पट शुल्क, सगळं लावा, आणि थकबाकीसाठी दावाही लावा. वेळ लागतो म्हणूनच पहिली नोटीस पहिल्या-दुसऱ्या महिन्यात गेली पाहिजे, डिपॉझिट संपल्यावर नाही. पण लबाड कोण आणि अडलेला कोण हे कळायला आधी त्याच्याशी लेखी बोलावं लागतं. अडलेला माणूस तारीख देतो, चुकला तर पुन्हा देतो. लबाड माणूस फोन उचलत नाही.

आमचा भाडेकरू अठ्ठावीस फेब्रुवारीला चावी देऊन गेला. भिंतींना रंग नीट होता, नळ एक गळत होता. नोव्हेंबर ते फेब्रुवारी एकूण एकोणपन्नास हजार, त्यातून डिपॉझिट वजा केलं तर सात, आणि विजेचं बिल दोन हजार तीनशे. नऊ हजार तीनशे बाकी राहिली. महिन्याला दीड हजार द्यायचं ठरलंय. दोन हप्ते आले, दोन्ही वेळा तारखेच्या चार-पाच दिवस उशिरा आणि सोबत मेसेज, "साहेब, उशीर झाला." सहा हजार तीनशे अजून यायचे आहेत. पुढचा हप्ता पाच तारखेचा.