विश्लेषण : विजेता संघ खेळाडू का सोडतो? कमी कराच्या राज्यात गेल्याने फायदा होतो का?

प्रो कबड्डी लीगच्या १२व्या हंगामाच्या अंतिम सामन्यात ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दबंग दिल्लीने पुणेरी पलटणवर ३१-२८ अशी मात केली. विजेतेपद तीन गुणांनी हुकल्याची हळहळ बारामती-इंदापूरच्या कबड्डीप्रेमींमध्ये अजून आहे. हंगाम संपला की वादाचे विषय ठरलेले असतात : कोणाला ठेवायचे, कोणाला सोडायचे, लिलावात कोण कुठे जाणार? ‘जिथे कर कमी, तिथे खेळाडू जाणार’ असाही दावा केला जातो. यात तथ्य किती, आणि गावाकडच्या मैदानावरून लीगमध्ये जाणाऱ्या मुलासाठी महत्त्वाचे काय?

जिंकूनही पुण्याने शादलुईला का सोडले?

इराणच्या मोहम्मदरेझा शादलुईला पुणेरी पलटणने १०व्या हंगामासाठी २ कोटी ३५ लाखांना घेतले. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादमध्ये पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पहिले विजेतेपद मिळवले. पुढच्याच लिलावात शादलुई २ कोटी ७ लाखांना हरियाणाकडे गेला आणि २९ डिसेंबर २०२४ रोजी बालेवाडीत हरियाणा प्रथमच विजेता ठरला. १२व्या हंगामासाठी त्याला गुजरात जायंट्सने २ कोटी २३ लाखांना घेतले. सलग तीन हंगामांत तीन संघ!

याचे कारण खर्चमर्यादेत आहे. प्रत्येक संघाला खेळाडूंसाठी ५ कोटी रुपयेच खर्च करता येतात आणि किमान १८ खेळाडू घ्यावे लागतात. २ कोटी ३५ लाख एकावर गेले, तर ४७ टक्के रक्कम संपते. उरलेल्या १७ जणांच्या वाट्याला सरासरी साडेपंधरा लाखांच्या आसपास येतात. म्हणूनच पलटणने तरुण खेळाडू घडवून त्यांना टिकवण्यावर भर दिला. अहिल्यानगर जिल्ह्यातून आलेला अस्लम इनामदार नवोदित म्हणून संघात आला आणि पुढे कर्णधार झाला.

खेळाडूला संघ निवडता येतो का?

फारसा नाही. ऊसपट्ट्यातील वाचकांना हे कारखान्याच्या उदाहरणाने चटकन समजेल. संघाने कायम ठेवलेला खेळाडू म्हणजे नोंदीचा ऊस, तर मुक्त केलेला म्हणजे गेटकेन. लिलावातील मूळ किंमत एफआरपीसारखी असते. त्याखाली व्यवहार होत नाही. ‘अ’ गटासाठी ती ३० लाख, ‘ब’साठी २० लाख, ‘क’साठी १३ लाख आणि ‘ड’साठी ९ लाख आहे.

फरक एवढाच, की गेटकेन कोणाला घालायचा हे शेतकरी ठरवतो. लिलावात मात्र सर्वात मोठी बोली लावणारा संघ खेळाडूचा ठावठिकाणा ठरवतो. त्यातही ‘फायनल बिड मॅच’ नियमानुसार जुना संघ अखेरच्या बोलीइतकी रक्कम मोजून त्याला परत घेऊ शकतो.

या लिलाव पद्धतीची सुरुवात क्रिकेटमधली. आयपीएलचा पहिला लिलाव फेब्रुवारी २००८ मध्ये झाला, तेव्हा बीसीसीआयचे अध्यक्ष बारामतीचेच शरद पवार होते. प्रो कबड्डी २०१४ मध्ये आली. आयपीएलमध्ये लिलावाबाहेर थेट अदलाबदलही होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये रवींद्र जडेजा राजस्थानकडे आणि संजू सॅमसन चेन्नईकडे गेला. कबड्डीत मात्र उलाढाल प्रामुख्याने लिलावातूनच होते.

कमी कराच्या राज्याचा मुद्दा कुठून आला?

अमेरिका-कॅनडातील आइस हॉकी लीग ‘एनएचएल’मध्ये हा वाद जुना आहे. तिथे करार संपलेला अनुभवी खेळाडू स्वतः संघ निवडतो. फ्लोरिडा, टेक्सास, नेवाडा या राज्यांत वैयक्तिक प्राप्तिकर नाही. कॅनडातील प्रांतांत तो बराच आहे. खर्चमर्यादा सर्व संघांना सारखीच. त्यामुळे तेवढ्याच रकमेच्या करारात फ्लोरिडाच्या खेळाडूच्या हाती जास्त पैसे उरतात. फ्लोरिडा पँथर्सने २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोन विजेतेपदे मिळवल्यावर हा वाद आणखी पेटला.

भारतात हा मुद्दा लागू होत नाही. प्राप्तिकर केंद्राचा असल्याने पुणे, पाटणा किंवा जयपूरच्या संघातून खेळले तरी दर तोच. राज्यांच्या हाती व्यवसाय कर आहे, पण राज्यघटनेने त्यावर वर्षाला अडीच हजारांची मर्यादा घातली आहे. महाराष्ट्रात तो आहे, दिल्ली-हरियाणात नाही. एवढ्यासाठी कोणी संघ बदलणार नाही.

मग कराचा फटका कोणाला बसतो?

कोटीच्या घरातील खेळाडूकडे हिशेबनीस असतो. अडचण ‘क’ आणि ‘ड’ गटातील मुलाची होते. करार व्यावसायिक सेवेचा असेल, तर संघ साधारणपणे १० टक्के टीडीएस कापून पैसे देतो. पॅन दिला नसेल, तर कपात २० टक्के होते.

आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य आहे. दुसरे उत्पन्न नाही असे धरू. ९ लाखांच्या खेळाडूचे ९० हजार कापले जातात, पण त्याचा कर काहीच होत नाही. विवरणपत्र भरले तर सगळे ९० हजार परत मिळतात.

१३ लाखांवर १ लाख ३० हजार कापले जातात आणि उपकरासह कर ७८ हजार होतो. म्हणजे परतावा ५२ हजार. प्रशिक्षक, प्रवास, व्यायाम असा खेळासाठीचा १ लाखाचा खर्च पावत्यांसह दाखवता आला, तर करपात्र उत्पन्न १२ लाखांवर येते आणि संपूर्ण १ लाख ३० हजार परत मिळतात. विवरणपत्र भरलेच नाही, तर ही रक्कम सरकारजमाच राहते.

शेतकरी कुटुंबांसाठी आणखी एक बाब. सातबारा खेळाडूच्याच नावावर असेल आणि उसाचे उत्पन्न वर्षाला ५ हजारांपेक्षा जास्त असेल, तर ते करमुक्त असले तरी इतर उत्पन्नावरील कर मोजताना विचारात घेतले जाते. विवरणपत्रात ते दाखवावे लागते.

करारावर सही करताना काय पाहावे?

पहिली गोष्ट मुदत. करार एका हंगामाचा की जास्त, आणि संघाला तो वाढवण्याचा हक्क आहे का? कमी रकमेत अडकलेला नवोदित चांगला खेळला, तरी मुदत संपेपर्यंत लिलावातील भाव त्याला मिळत नाही. दुसरी गोष्ट दुखापत : उपचाराचा खर्च कोणाचा, आणि खेळता आले नाही तर पैसे मिळणार का? तिसरी गोष्ट हप्त्यांच्या तारखा, चौथी मध्यस्थाचे कमिशन. कराराची सहीची प्रत स्वतःकडे असावी. कापलेला टीडीएस आपल्या पॅनवर जमा झाला की नाही, हे प्राप्तिकर विभागाच्या संकेतस्थळावर ‘२६ एएस’मध्ये मोबाइलवरूनही पाहता येते.