चिमटा काढा, पण मिलिमीटरमध्ये!

वजनकाटा हा भलताच भोळा प्राणी. मसल वाढलं काय नि चरबी वाढली काय, त्याला सगळं सारखंच! म्हणून ट्रेनरनं कॅलिपर काढला की मला बरं वाटतं. फक्त त्यानं ‘तुमचं फॅट २४.३ टक्के’ असं ऐटीत सांगितलं, की मी विचारते, ‘मिलिमीटर किती?’

कारण हा स्प्रिंगवाला चिमटा टक्के मोजतच नाही. दंडामागची कातडी चरबीसकट चिमटीत उचलायची, बोटांपासून सेंटिमीटरभरावर चिमटा लावायचा, दोनेक सेकंदांत आकडा वाचायचा. मिळते ती घडीची जाडी. टक्के येतात फॉर्म्युल्यातून. त्यातला एक गाजलेला फॉर्म्युला डर्निन आणि वुमर्स्ली यांचा, १९७४चा. दंडाची पुढची-मागची बाजू, खांद्याच्या फऱ्याखाली आणि कमरेच्या हाडावर, अशा चार जागा. तो बेतला ग्लासगोच्या ४८१ लोकांवर, त्यांना पाण्याखाली तोलून. म्हणजे स्कॉटिश मापाचा शर्ट आपल्या अंगावर! त्यात तीन-चार टक्के इकडेतिकडे व्हायचेच.

आणि आपलं अंग वेगळं आहे, बरं का. २००४ साली ‘द लॅन्सेट’मध्ये पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मापं छापली. दोघांचा बीएमआय २२.३. चरबी मात्र युडकिनसाहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२! एक मॅरेथॉन पळणारा, तर दुसऱ्याची धावपळ सकाळी लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत गाठण्यापुरती, असंही त्यांनी मिश्किलपणे लिहून टाकलंय. (ओळखीचं वाटतंय ना?)

तेव्हा ‘मी तर बारीक आहे’ म्हणून निवांत बसू नका. कॅलिपरला कातडीखालचंच दिसतं. पोटाच्या आत, लिव्हरभोवती साठणारी चरबी चिमटीत येत नाही, आणि डायबेटिसच्या दृष्टीनं जास्त त्रासदायक तीच. त्यासाठी साधी शिंप्याची टेप घ्या: कंबर पुरुषांची ९०, बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत हवी.

कॅलिपरचं काम वेगळं. चारही जागांच्या मिलिमीटरची बेरीज डायरीत लिहा आणि दीड-दोन महिन्यांनी पुन्हा मोजा. माणूस तोच, चिमटा तोच, बाजू उजवीच आणि वेळ वर्कआउटच्या आधीची. बेरीज ७२वरून ६४वर आली, तर चरबी खरंच उतरतेय. मग टक्के काहीही म्हणोत.

आणि हो, त्या दिवशी बॉडी लोशन लावून जाऊ नका. चिमटी सटकते!