कुंडीतल्या झाडालाही लढू द्या

नोव्हेंबर 2018. वेगवेगळ्या गेममधली पात्रं एकमेकांशी लढवणारा 'सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट' बाजारात यायला महिनाभर उरला होता, आणि निन्टेंडोने जाहीर केलं की पहिलं जादा पात्र पिरान्हा प्लांट असेल. म्हणजे 1985 च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मधलं, नळातून डोकं वर काढून चावणारं ते झाड. कुंडीसकट! झालं, फॅनमंडळींचं पित्त खवळलं. आमचा वालुइजी बाहेर आणि हे रोपटं आत? लायकी काय त्याची?

लायकी! ज्या खेळात किर्बी नावाचा गुलाबी गोळा अख्खा गोरिला गिळतो आणि वर त्याचीच ताकद वापरतो, तिथे झाडाने मारामारी करणं या लोकांना अवास्तव वाटतं. लग्नात मानपानावरून रुसून बसणाऱ्या मामाची ही जात आहे. पंगतीत आपल्या शेजारी कोण बसलंय यावरच यांचा सगळा डोळा, ताटात काय वाढलंय याची शुद्ध नाही.

यांची पात्रता-मीमांसा जरा तपासून बघू. 1999 मध्ये निन्टेंडो 64 वर पहिला 'स्मॅश' आला तेव्हा लढवय्ये बारा होते. त्यांतला एक कॅप्टन फाल्कन. 'एफ-झीरो' या 1990 च्या शर्यतीच्या गेममधला हा ड्रायव्हर. त्या गेममध्ये तो गाडी हाकतो, कुणाला ठोसा मारत नाही. त्याचा जगप्रसिद्ध 'फाल्कन पंच' दिग्दर्शक मासाहिरो साकुराई यांनी 'स्मॅश'साठी घडवला. आज तो ठोसा माहीत असलेल्यांतल्या किती जणांनी ती शर्यत खेळली आहे? आजचे लायकीपंडित तेव्हा निवड समितीवर असते, तर फाल्कन पहिल्याच फेरीत घरी गेला असता.

पुढचं ऐका. 2001 च्या 'मेली' या पुढच्या 'स्मॅश'मध्ये मार्थ आणि रॉय आले. 'फायर एम्ब्लेम' मालिकेतला एकही गेम तेव्हा जपानबाहेर विकला गेला नव्हता. रॉयचा तर स्वतःचा गेमही यायचा होता. तो आला 2002 मध्ये. हे तलवारवाले कोण, असं कुतूहल परदेशात पेटलं आणि मालिका 2003 पासून जपानबाहेर जाऊ लागली. प्रसिद्धीच्या तराजूत तोलून निवड केली असती, तर हे घडलं असतं का?

आता यांच्या खड्गद्वेषाकडे वळू. जानेवारी 2020 मध्ये 'फायर एम्ब्लेम'मधलाच बायलेथ आला आणि बोंब उठली: आणखी एक तलवार! फायर एम्ब्लेमचे आठ लढवय्ये झाले हे खरं, आणि ते जास्त आहेत हे मीही म्हणतो. त्यांतली लुसिना तर जवळजवळ मार्थच आहे. बायलेथची ओळख करून देताना खुद्द साकुराईंनीच ही तक्रार बोलून दाखवली. पण बायलेथच्या हातात भाला, कुऱ्हाड आणि धनुष्यही आहे, हे बघायला पाच मिनिटं खेळावं लागतं, आणि कोकलायला तेवढा वेळ लागत नाही. बरं, त्याच वर्षी डिसेंबरात सेफिरोथ आला, स्वतःच्या उंचीपेक्षा लांब तलवार घेऊन. यांनी नाचून घर डोक्यावर घेतलं. ऑक्टोबर 2021 मध्ये सोरा आला, तोही किल्लीच्या आकाराची तलवारच परजत. यांच्या डोळ्यांना आनंदाश्रूंच्या धारा! कुठे गेला खड्गद्वेष? तक्रार तलवारीबद्दल नव्हतीच. आपला लाडका आला नाही, एवढंच दुखणं होतं.

निवड कशावर करायची, हे मला विचाराल तर मी मिस्टर गेम अँड वॉचकडे बोट दाखवीन. गुनपेई योकोई यांच्या 1980 च्या खिशात मावणाऱ्या गेममधली ती काळी आकृती. कागदासारखी सपाट. बाकीचे लोण्यासारखे सरकतात, हा मात्र जुन्या स्क्रीनवरच्यासारखा खट्-खट् एका ठशातून दुसऱ्यात उडी घेतो. हातोडा उगारला की डोक्यावर 1 ते 9 मधला एक आकडा उमटतो. 1 आला तर मार त्यालाच बसतो. 9 आला तर समोरचा बहुधा पडद्याबाहेर. त्याच्या प्रत्येक हालचालीत एक अख्खं यंत्र जिवंत आहे. हे काम कुठल्या देखण्या नायकाला जमलं असतं?

किंवा स्टीव्ह घ्या. ऑक्टोबर 2020 मध्ये 'माइनक्राफ्ट'मधला हा चौकोनी डोक्याचा गडी आला तेव्हा नाकं मुरडली गेली. तो भर लढाईत खाली वाकून कुदळ चालवतो, पायाखालून दगड, लाकूड, लोखंड काढतो, त्याची हत्यारं बनवतो, ती झिजून मोडतात, पुन्हा खोदतो. हवेत ठोकळा ठेवून त्यावर उभा राहतो. त्याला खणता यावं म्हणून गेममधल्या सगळ्या रंगमंचांवर पुन्हा काम करावं लागलं. आळशी निवड म्हणे! एका पात्रासाठी अख्खी जमीन नव्याने बांधणाऱ्यांना आळशी म्हणायला जीभ रेटते कशी?

आणि 2014 मध्ये आलेली ती 'वी फिट'ची व्यायामबाई? तिचीही टर उडवली होती. ती आसनं करत लाथा घालते आणि सूर्यनमस्कार घालून तेजाचा गोळा साठवून फेकते. औंधच्या पंतप्रतिनिधींनी ज्या सूर्यनमस्काराच्या प्रचाराला आयुष्य वाहिलं, तो इथे शस्त्र झालाय. मराठी पोरांनी तरी तिला हसू नये.

2014 च्या आवृत्तीतून आइस क्लाइंबर्स गळले, कारण त्या जोडीचं ओझं निन्टेंडोच्या थ्रीडीएस या हातातल्या यंत्राला पेललं नाही. तेव्हा हेच लोक रडले. 'अल्टिमेट'मध्ये जुने झाडून सगळे परत आले, नवे आले, जादा पात्रं धरून आकडा 89 वर गेला. आता म्हणे गर्दी फार झाली, भरताड काढा. काढा की! पण कुणाला काढायचं, हे सांगताना दरवेळी बोट दुसऱ्याच्या लाडक्याकडे का जातं? तुमचा तलवारवाला आधी बाहेर काढा, मग माझ्या कुंडीला हात लावा.