बाळू पालवणकर : अर्धाच धडा शिकवू नका



मुरूड घ्या, रेवदंडा घ्या नाहीतर श्रीवर्धन. ओहोटी लागली की पुळणीवर पोरांचं क्रिकेट सुरू होतं. तिथला एक नियम तुम्हाला माहीत असेलच : ज्याची बॅट, त्याची पहिली बॅटिंग. ज्याच्याकडे काहीच नसतं तो बॉलिंग टाकतो आणि लाटेत गेलेला बॉलही तोच आणतो. हा नियम नीट समजला, की बाळू पालवणकर मुलांना लवकर समजतात.

बाळूंचा जन्म 1876 मध्ये धारवाडला, चर्मकार समाजातल्या कुटुंबात झाला. पुण्याच्या पारशी क्लबात ते मैदानाची देखभाल करायचे, महिना तीन रुपये पगार. पुढे गोऱ्या साहेबांच्या क्लबात चार रुपये मिळू लागले. तिथे सरावाला ते साहेबांना तासन् तास डावखुरी फिरकी टाकायचे. बॅट मात्र त्यांच्या हाती कधी दिली गेली नाही. म्हणजे ज्याची बॅट, त्याचीच बॅटिंग.

पुढे पुण्याच्या हिंदू संघाला त्यांची गरज पडली. मैदानावर सगळे एकाच चेंडूला हात लावत होते. चहाच्या वेळी मात्र बाळू बाहेर, आणि त्यांचा चहा मातीच्या वेगळ्या भांड्यात. 1911 मध्ये ते भारतीय संघातून इंग्लंडला गेले आणि त्या दौऱ्यात 114 बळी घेतले. तरीही मुंबईच्या स्पर्धेत हिंदू संघाचं कप्तानपद त्यांना दिलं गेलं नाही.

आपण बहुतेकदा इथेच थांबतो. "मुलांनो, मेहनत करा, गुणवत्तेला न्याय मिळतोच" असं सांगतो आणि फळा पुसतो. माझं म्हणणं असं, की हा अर्धाच धडा झाला, आणि अर्धा धडा कधीकधी चुकीचं शिकवतो. 114 बळींनंतरही कप्तानपद मिळालं नाही, तर कमी काय पडलं? मेहनत तर नक्कीच नाही.

उरलेला अर्धा धडा 1920 चा आहे. त्या वर्षी बाळूंना संघातून वगळलं आणि त्यांचे भाऊ विठ्ठल यांना डावलून कप्तानपद दुसऱ्याला दिलं. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी खेळायलाच नकार दिला. गाजावाजा झाला. अंतिम सामन्याला भाऊ परत आले, बाळू उपकप्तान झाले. 1923 मध्ये विठ्ठल कप्तान झाले आणि त्यांच्या संघाने युरोपियनांना हरवलं. दार गुणवत्तेमुळे दिसलं, पण उघडलं ते नकारामुळे.

हे फक्त आपल्याकडचं नाही. क्यूबाचा मार्टिन दिहिगो हा बेसबॉलमधला अव्वल खेळाडू होता. काळा असल्यामुळे अमेरिकेच्या मोठ्या लीगमध्ये त्याला कधीच खेळता आलं नाही. ती बंदी 1947 मध्ये जॅकी रॉबिन्सनमुळे मोडली, पण तोवर दिहिगोची उमेदीची वर्षं सरली होती. 1977 मध्ये त्याला तिथल्या सन्मानाच्या यादीत स्थान मिळालं, तेव्हा तो हयात नव्हता. उशिरा दिलेला हार गळ्यात पडत नाही, फोटोवर पडतो.

आपल्या जिल्ह्यातल्या मुलांना तर हा धडा दूरचा नाहीच. 1927 मध्ये महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. बाळूंच्या चहाचं भांडं आणि तळ्याचं पाणी, प्रश्न एकच होता. आणखी एक गोष्ट लपवू नका : 1937 च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसकडून डॉ. आंबेडकरांच्या विरोधात उभे राहिले आणि हरले. दोन मोठी माणसं वेगळ्या वाटेनं जाऊ शकतात, हे पाचवी-सहावीच्या मुलांना कळतं. आपणच उगाच घाबरतो.

"मग काय शिकवू?" असं विचाराल, तर फार काही नको. गोष्ट सांगा आणि तीन प्रश्न विचारा. वेगळं भांडं कोणी दिलं? ते बघून गप्प कोण बसलं? भावांनी खेळायला नकार दिला नसता तर काय झालं असतं? दुसऱ्या प्रश्नाला वर्ग शांत होईल. होऊ द्या.

आणि पुढच्या खेळाच्या तासाला नुसतं बघा : बॅट कोणाच्या हातात आहे, स्टंप कोण उचलतंय, कप्तान दरवेळी तोच का आहे. तिथे बदल करायला कुठल्याही परिपत्रकाची गरज नाही. तुम्हाला काय वाटतं?